मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी सरकारी पैसा: पोलिसांच्या माहितीयंत्रणेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या पालकसभेत सायबर सुरक्षेवर बोलायला जाते, तेव्हा सगळ्यांसमोर येणारा प्रश्न ठरलेला असतो: मोबाइल किती वेळ द्यावा? खरा प्रश्न सभा संपल्यावर जिन्यात गाठतो. एखादी आई मागे राहते आणि आवाज खाली करून विचारते, "मॅडम, तक्रार केली तर पुढे होतं काय?" हे पान त्या जिन्यातल्या प्रश्नासाठी आहे. तक्रार, तिच्यामागची यंत्रणा आणि त्या यंत्रणेचा पैसा या तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतील, कारण त्या सुट्या करून समजत नाहीत.

हा पैसा येतो कुठून?

मुख्यतः दोन झऱ्यांतून. पहिला निर्भया निधी. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर २०१३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांनी तो सुरू झाला. एरवी ३१ मार्चला न खर्चलेली सरकारी रक्कम परत जाते, तशी या निधीतली जात नाही. महिला व बालविकास मंत्रालय त्याचं पालकत्व सांभाळतं, सचिवांची अधिकारप्राप्त समिती प्रस्ताव तपासते आणि प्रत्यक्ष योजना त्या त्या खात्याकडे असते.

आपल्या विषयाची योजना गृह मंत्रालयाकडे आहे. 'महिला व बालकांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांना प्रतिबंध' असं तिचं लांबलचक नाव. फाइलींवर ती सीसीपीडब्ल्यूसी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. एकूण खर्च सुमारे २२३ कोटी रुपये, आणि त्यातले १३१.६० कोटी राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना दिल्याचं गृह मंत्रालयाने संसदेत सांगितलेलं आहे.

दुसरा झरा म्हणजे भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र, पोलिसांच्या बोलण्यात 'आयफोरसी'. ऑक्टोबर २०१८मध्ये ४१५.८६ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि १० जानेवारी २०२० रोजी उद्घाटन झालं. हे केंद्र सगळ्याच सायबर गुन्ह्यांसाठी आहे. त्यामुळे त्यातला मुलांच्या वाट्याचा पैसा किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. ही अडचण पुढेही येणार आहे.

तक्रारीच्या पोर्टलची कल्पना कुणाची?

सरकारला ती आपणहून सुचली नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये हैदराबादच्या 'प्रज्वला' संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सोबत पेन ड्राइव्ह जोडला. बलात्काराचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरत होते आणि त्यांची तक्रार कुठे करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. पुढची तीन वर्षं तारखा पडल्या, समित्या बसल्या, कंपन्यांचे वकील आले. शेवटी २० सप्टेंबर २०१८ला सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल सुरू झालं. तेव्हा ते फक्त मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं साहित्य आणि बलात्काराचे व्हिडिओ, एवढ्यापुरतंच होतं.

३० ऑगस्ट २०१९ला तेच पोर्टल सगळ्या सायबर गुन्ह्यांसाठी खुलं झालं. गरज होती, मान्य. पण आज तिथे आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींचा महापूर आहे, आणि ज्या मुलांसाठी ही खिडकी उघडली होती ती त्या रांगेत मागे पडल्यासारखी वाटतात. १९३० हा नंबर लोकांना पाठ आहे. तो पैसे गेले तर तातडीने फिरवायचा नंबर. मुलांची तक्रार पोर्टलवरच्या 'महिला व बालक' या वेगळ्या भागात जाते, आणि तो भाग असतो हेच अनेकांना माहीत नसतं.

भारतातल्या गुन्ह्यांची माहिती अमेरिकेतून का येते?

कारण आपण वापरतो ते बहुतेक मंच अमेरिकी कंपन्यांचे आहेत. आपल्या सेवेवर मुलांवरच्या अत्याचाराचं साहित्य दिसलं तर कंपनीने ते 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन' या संस्थेला कळवलंच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. ही संस्था १९८४ची. १९९८पासून ती 'सायबर टिपलाइन' चालवते. माहिती ज्या देशाची दिसते त्या देशाच्या पोलिसांकडे पाठवली जाते. २६ एप्रिल २०१९ला आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने, म्हणजे एनसीआरबीने, या संस्थेशी करार केला आणि भारताच्या वाट्याचे अहवाल थेट मिळू लागले. मार्च २०२४अखेरपर्यंत असे ६९ लाखांहून अधिक अहवाल राज्यांकडे गेले होते.

२०२३मध्ये जगभरातून ३ कोटी ६२ लाख अहवाल आले, आणि त्यांतले सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेले होते. कुठल्याही देशापेक्षा जास्त.

म्हणजे भारतात ८९ लाख गुन्हेगार आहेत?

नाही. अहवाल म्हणजे गुन्हेगार नव्हे, आणि अहवाल म्हणजे वेगळं मूलही नव्हे. एकच क्लिप "बघा, समाज कुठे चाललाय" असं लिहून संतापाने हजार जणांनी पुढे ढकलली तर हजार अहवाल तयार होऊ शकतात. २०२४मध्ये जगभरचा एकूण आकडा २ कोटी ५ लाखांवर आला. त्यात सारख्या अहवालांची एकत्र मोट बांधायला सुरुवात झाली, याचाही हात होता. तेव्हा आकडा खाली आला म्हणून हुश्श करू नका आणि वर गेला म्हणून छाती बडवू नका.

आलेला अहवाल पोलीस ठाण्यापर्यंत पोचतो कसा?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश.

अहवालात साधारणपणे असतं काय? कंपनीचं नाव, खात्याचं नाव किंवा नंबर, फाइल, आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वेळ. एनसीआरबी तो राज्याच्या नोडल, म्हणजे समन्वयाचं काम बघणाऱ्या यंत्रणेला देते. आपल्याकडे 'महाराष्ट्र सायबर' ही ती यंत्रणा. तिथून तो जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्याला जातो. मग ठाणं मोबाइल कंपनीला पत्र लिहितं: अमुक वेळी हा आयपी पत्ता कुणाकडे होता?

आता समजा, अहवालात वेळ आहे १९:४२:१० आणि पुढे बारीक अक्षरांत 'यूटीसी'. ही जागतिक प्रमाणवेळ. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे मध्यरात्र उलटून १:१२:१०. तारीखसुद्धा दुसऱ्या दिवसाची. कारकुनाने वेळ जशीच्या तशी पत्रात उतरवली, तर कंपनी अगदी प्रामाणिकपणे भलत्याच माणसाचं नाव पाठवते.

वेळ बरोबर असली तरी संपत नाही. भारतात मोबाइल इंटरनेटवर एक सार्वजनिक आयपी पत्ता एकाच क्षणी शेकडो ग्राहकांमध्ये वाटलेला असू शकतो. वाड्याचा पत्ता कळतो, खोली कळत नाही. खोली कळायला 'पोर्ट क्रमांक' लागतो, आणि तो अहवालात नसेल तर तपास तिथेच बसतो. मोबाइल कंपन्यांनी या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या, असा परवान्याचा नियम डिसेंबर २०२१मध्ये आला. त्याआधी मुदत एकच वर्ष होती. अहवाल टेबलावर किती दिवस पडून राहतो, याला म्हणून किंमत आहे.

आणखी एक गाळणी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८नुसार या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. म्हणजे पीआय. ठाण्यातला एखादा तरुण उपनिरीक्षक संगणकात कितीही तरबेज असला, तरी या कायद्याखालचा तपास त्याच्या नावावर होत नाही. आणि पीआय साहेबांकडे बंदोबस्त, न्यायालयाच्या तारखा आणि फसवणुकीच्या फाइलींचा ढीग असतोच.

माझं स्पष्ट मत आहे: कोट्यवधींची यंत्रणा दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत धावत येते आणि शेवटच्या टेबलापाशी दमते. पैसा त्या टेबलावर कमी पोचतो.

पैसा मग कशावर जातो?

राज्यांना दिलेल्या रकमेत तीन मोठ्या बाबी आहेत. सायबर न्यायवैद्यक व प्रशिक्षण प्रयोगशाळा उभारणं, कनिष्ठ सायबर सल्लागार नेमणं आणि पोलीस, सरकारी वकील व न्यायिक अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण. ३३ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत प्रयोगशाळा सुरू झाल्या आहेत. २४ हजारांहून जास्त जणांना प्रशिक्षण मिळालं आहे.

प्रयोगशाळा एकदा बांधली की फीत कापता येते. पण जप्त मोबाइलमधला डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली आणि नूतनीकरणाची फाइल अडकली, तर नव्या मॉडेलचा फोन उघडत नाही. यंत्र मात्र टेबलावर चकाचक. सल्लागार कंत्राटी. प्रशिक्षित हवालदार दोन-तीन वर्षांत बदलून वाहतूक शाखेत. भांडवली खर्च सोपा, आवर्ती खर्च अवघड, हे घर चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. फ्रिज घेतला जातो, वीजबिल थकतं.

नवीन कायद्यांनी ही गरज वाढवलीच आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ सांगतं. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुभा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायच्या प्रमाणपत्रात फाइलचं 'हॅश मूल्य' लिहावं लागतं आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हे तज्ज्ञ आणायचे कुठून, हा पुन्हा पैशाचाच प्रश्न.

'हॅश' म्हणजे काय? संगणक फोटो न बघता ओळखतो कसा?

फाइलवर गणिती प्रक्रिया केली की एक लांबलचक आकडा निघतो. तो फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा. ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसा आकड्यावरून फोटो परत बनत नाही. पण ओळख मात्र पटते. साध्या हॅशमध्ये फोटोचा एक ठिपका बदलला तरी आकडा पार बदलतो. पुराव्यासाठी ते उत्तम, कारण छेडछाड लगेच उघडी पडते. थोड्या बदललेल्या प्रती शोधायला मात्र ते निरुपयोगी. म्हणून २००९मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हनी फरीद यांनी 'फोटोडीएनए' तयार केलं. फोटो लहान केला किंवा थोडा बदलला, तरी ते ओळखतं.

मर्यादा उघड आहे: यादीत आधीपासून असलेलंच सापडतं. काल रात्री झालेला अत्याचार कुठल्याच यादीत नसतो. तिथे माणसाचीच नजर लागते. इंटरपोलच्या आंतरराष्ट्रीय बाल लैंगिक शोषण डेटाबेसवर प्रशिक्षित अधिकारी चित्रातल्या मुलाकडे नव्हे, तर मागच्या भिंतीकडे बघत बसतात. तिथलं स्विचबोर्ड कुठल्या देशातलं, दप्तरावर कुठल्या शाळेचं चिन्ह आहे, पलीकडून कुठली भाषा ऐकू येते. अशा धाग्यांवरून मूल शोधलं जातं. भारत २०२२मध्ये सीबीआयमार्फत या डेटाबेसला जोडला गेला, ६८वा देश म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेली सीबीआयची 'ऑपरेशन मेघचक्र' ही देशभरची झडती परदेशी पोलिसांकडून आलेल्या माहितीवरच उभी होती.

महाराष्ट्राने स्वतःचा पैसा घातला आहे का?

हो, आणि तो लहान नाही. राज्याने सायबर सुरक्षा प्रकल्पाला ८३७ कोटी रुपये मंजूर केले. नवी मुंबईत महापे इथे महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय उभं राहिलं आणि १९४५ ही मदतवाहिनी सुरू झाली. केंद्राच्या सीसीपीडब्ल्यूसीच्या अख्ख्या देशाच्या रकमेपेक्षा एका राज्याचा हा आकडा कितीतरी मोठा आहे. पण इथेही तीच गोष्ट: प्रकल्प सगळ्या सायबर गुन्ह्यांचा आहे, मुलांचा हिस्सा वेगळा दिसत नाही.

टिपलाइनच्या अहवालांवर महाराष्ट्र सायबरने २०२०मध्ये 'ऑपरेशन ब्लॅकफेस' हाती घेतलं आणि राज्यभर गुन्हे दाखल केले. अहवाल नुसते फाइलला न लावता त्यांतून गुन्हा उभा करता येतो, हे त्यातून दिसलं. सरकारी पोर्टलच्याही आधी, सप्टेंबर २०१६मध्ये, मुंबईच्या 'आरंभ इंडिया'ने ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनसोबत तक्रारीची खिडकी सामान्य माणसासाठी उघडली होती. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी आहे म्हणतात. मला शेजाऱ्याचं नाव तपासता येईल?

यादी आहे. ती पोर्टलच्याच दिवशी, २० सप्टेंबर २०१८ला सुरू झाली आणि एनसीआरबी सांभाळते. पण ती फक्त पोलीस यंत्रणेला दिसते, तुम्हाला-मला नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलांवरच्या अत्याचाराचा व्हिडिओ आपोआप आला. मी अडकेन का?

२३ सप्टेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं साहित्य जवळ ठेवणं, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम १५मधल्या हेतूने, हा गुन्हा ठरू शकतो. प्रत्यक्ष पुढे पाठवलं नसलं तरी. त्याच निकालाने 'चाइल्ड पॉर्नोग्राफी' हा शब्दही वापरू नका असं बजावलं. मूल त्यात सहभागी नसतं, ते बळी असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे.

तेव्हा न बोलावता आलं, तर पुढे पाठवू नका. सावध करण्यासाठीही नाही, बहिणीलाही नाही. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ कागदावर लिहून घ्या आणि पोर्टलवर तक्रार करा. साठवून ठेवू नका.

एका आईबरोबर मी एका ठाण्यात गेले होते. टेबलावरचे साहेब चांगले होते, खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग म्हणाले, "ताई, तो व्हिडिओ माझ्या व्हॉट्सअॅपवर टाका ना, बघतो." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्याने हे शिकवायचं ते प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं. मी नम्रपणे सांगितलं की पाठवणार नाही, फोन तुम्ही पंचनामा करून ताब्यात घ्या. अर्ध्या तासाने वरिष्ठ आले आणि तसंच झालं.

नाव न देता तक्रार करता येते?

मुलांवरच्या अत्याचाराच्या साहित्याबाबत, येते. पोर्टलवर निनावी तक्रारीचा पर्याय आहे. मात्र निनावी तक्रारीचं पुढे काय झालं ते बघता येत नाही. नाव-नंबर दिलात तर पावती क्रमांक मिळतो. एक लक्षात ठेवा: विशिष्ट मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याचा धोका असल्याचं कळलं, तर पोक्सोच्या कलम १९नुसार ते कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक आणि डॉक्टरांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

माझ्याच मुलीचा फोटो फिरतोय. आत्ता काय करू?

मुलीला रागावू नका, तिचा फोन हिसकावू नका. तिने सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं आहे. १०९८ ही बालमदतवाहिनी चोवीस तास असते. टिपलाइन चालवणाऱ्या अमेरिकेच्या त्याच संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. हॅश तुमच्याच फोनवर बनतो आणि फक्त तो आकडा सहभागी मंचांना जातो. चित्र अठरा वर्षांखालच्या वयातलं असलं की पुरे. पोलीस तक्रार याच्या जोडीने करा, याच्याऐवजी नाही.

ही सगळी यंत्रणा उद्या आपल्यावरच पाळत ठेवणार नाही कशावरून?

शंका रास्त आहे. मुलांचं नाव घेतलं की कुणी प्रश्न विचारत नाही, आणि म्हणूनच विचारले पाहिजेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने ठरवलं. सरकारी हस्तक्षेपाला कायदा हवा, कायदेशीर उद्देश हवा आणि तो प्रमाणात हवा. दुसरीकडे, २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा गुन्ह्याच्या तपासाला बऱ्याच सवलती देतो. टिपलाइनमागची पद्धत तरी बहुतांशी ज्ञात साहित्याशी जुळणी करण्याची आहे. सरसकट गप्पा वाचण्याची मागणी ही वेगळी गोष्ट आहे, आणि 'मुलांसाठी' या शिक्क्याखाली ती पुढे आली तर मी तिच्या विरोधात असेन.

अमेरिकेत पोलिसांची व्यवस्था कशी आहे?

तिथे १९९८पासून 'इंटरनेट क्राइम्स अगेन्स्ट चिल्ड्रन' ही कृतिदलं आहेत, एकूण ६१. न्याय विभागामार्फत त्यांना संघराज्याचं अनुदान मिळतं. २००८च्या कायद्याने त्यांच्यासाठी राष्ट्रीय माहितीयंत्रणेची तरतूद केली. एकाच संशयितामागे दोन दलं लागली असतील तर ते एकमेकांना कळावं, हा तिच्या मोठ्या हेतूंपैकी एक. आपल्याकडेही पुण्यातला आणि नागपुरातला तपास एकाच टोळीचा असू शकतो, म्हणून हे घेण्यासारखं आहे. मुख्य फरक असा की तिथे हा पैसा मुलांच्याच कामाचा म्हणून स्वतंत्र दिसतो.

आपल्याकडचा हिशेब सामान्य माणसाला कुठे बघता येतो?

लोकसभा-राज्यसभेच्या प्रश्नोत्तरांत सगळ्यात जास्त सापडतं. संकेतस्थळांवर ती मोफत आहेत. निर्भया निधीतून योजनांना दिलेल्या सुमारे ७,७०० कोटींपैकी साधारण तीन चतुर्थांश रक्कम खर्च झाल्याचं तिथूनच कळलं. बाकीसाठी माहिती अधिकार. सीबीआयकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाची माहिती सोडली तर ती संस्था या कायद्यातून वगळलेली आहे. पोलीस आयुक्तालय किंवा अधीक्षक कार्यालयाला विचारा. कुठल्याही प्रकरणाचे तपशील मागू नका. ते मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. फक्त संख्या मागा: गेल्या वर्षी किती टिपलाइन अहवाल आले, त्यांतल्या कितींवर गुन्हा नोंदला, किती दोषारोपपत्रं गेली, सायबर ठाण्यात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, न्यायवैद्यक सॉफ्टवेअरचे परवाने कुठल्या तारखेपर्यंत चालू आहेत. शेवटचा प्रश्न वाचताना माहिती अधिकारी एकदा वर बघतात. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.